कोसाडची काळी द्राक्षं

आबा सुरतेला आले ते कापडाच्या लूमवर काम करायला, आणि लूमवरून सुटले ते द्राक्षांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे बागलाणातले. लहानपणापासून दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. लग्नानंतर भाऊबंद सुरतेला निघाले तसे तेही आले, आणि नवागामच्या एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. दिवसभर लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांना घरीही ओरडून बोलायची सवय लागली होती. माय म्हणायची, "हळू बोला ना, शेजारनं पोरगं उठी जाई."

त्यांच्या शेठची शहराबाहेर कोसाडला जमीन होती. शेठ एकदा वणीच्या देवीला गेले आणि वाटेतल्या द्राक्षबागा बघून वेडे झाले. कारखान्यात येऊन त्यांनी विचारलं, "तमारामां कोई द्राक्षवाळो छे?" सगळ्यांनी आबांकडे बोट दाखवलं.

आबांनी तेव्हाच सांगितलं होतं, "शेठ, इथली हवा ओली आहे. समुद्राचं वारं येतं. वेल पानंच पानं करेल, वर बुरशीचा केवडा पडेल."

शेठ हसले. "पान आवशे तो द्राक्ष पण आवशे ने, काका!"

"मग हिरवी, बिनबियांची नको. काळी लावू. साल जाड, आत बिया. खायला डावी, पण हवा सोसते."

एवढं बोलून आबा अडकले. कारण मनातून त्यांनाही हवंच होतं.

मामाच्या गावाहून त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून वेलीच्या काड्या आणल्या. आम्ही नवागामची खोली सोडून कोसाडच्या शेतावर पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. कोसाडला तेव्हा आजच्यासारखी वस्ती नव्हती. मायनं दाराशी वांगी लावली, कोंबड्या पाळल्या. मी बांधावरून चालत गुजराती शाळेत जायचे. काही महिन्यांनी एका सकाळी लक्षात आलं की आबा हळू बोलायला लागलेत. माय त्या दिवसांत गुणगुणायची. पुढे तिला तसं गुणगुणताना मी कधी ऐकलं नाही.

वेली जोमात वाढल्या. खांब रोवून, तारा ओढून केलेला मांडव पानांनी भरला. पहिली गोडी छाटणी आबांनी दसऱ्यानंतर केली. घड धरावेत म्हणून करतात ती ही छाटणी. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटले, कोवळ्या फुटीवर मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसले. आबांनी मला उचलून दाखवले. मग आठवडाभर आभाळ आलं आणि घड जिरले. जिथं घड होता तिथं नुसती बाळी राहिली, वेल ज्यानं तारेला विळखा घालते तो तंतू. आबा प्रत्येक वेलीपाशी थांबून बघत होते. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि तिथंच खाली बसले.

पुढच्या वर्षी घड टिकले, तर केवडा आला. पानांच्या पाठीवर पांढरी बुरशी, मग मणी तपकिरी होऊन गळायचे. आबा मोरचूद आणि चुना कालवून फवारायचे. त्यांची नखं निळी झाली, ती धुऊनही जात नसत. पण रोज सकाळी पानं पुन्हा ओलीचिंब. एकदा माय त्यांना चहाला बोलवायला गेली, तर ते तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पानं पुसत होते. एकेक पान, दोन्ही बाजूंनी.

"येडा व्हयनात का तुम्ही?" माय म्हणाली.

"ऊन चढायच्या आत सुकली पाहिजेत," एवढंच ते म्हणाले आणि पुसत राहिले.

तिच्या हातातला चहा गार झाला. मग तिनं कप बांधावर ठेवला आणि पदरानं पलीकडच्या वेलीची पानं पुसायला लागली.

त्यापुढच्या वर्षी नेमक्या छाटणीच्या तोंडावर सुरतेत प्लेग आला. शहर रिकामं होत होतं. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, शेठही कुटुंब घेऊन सौराष्ट्रात निघून गेले. मायनं गाठोडं बांधलं. आबा म्हणाले, "तुम्ही जा. मी छाटणी करून येतो."

"वेलींना काय व्हस? माणूस मरी जाई!"

"आता छाटली नाहीत तर हेही वर्ष गेलं."

माय रडली, ओरडली, शेवटी त्यांच्या पाया पडली. ते हलले नाहीत. आम्ही दोघी गर्दीतून कशाबशा मामाच्या गावी पोचलो. तिथं रोज वेगळी बातमी यायची. गावातले लोक आमच्यापासून लांब बसायचे, मामीसुद्धा आमची ताटं वेगळी ठेवायची. माय जेवायची नाही. कुणी सुरतेचं नाव काढलं की उठून परसात जायची.

प्लेग ओसरल्यावर परत आलो तेव्हा आबा मांडवाखाली होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. सगळ्या वेली छाटून झाल्या होत्या. माय त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग चूल पेटवायला गेली. त्यानंतर ती मांडवात कधी आली नाही.

त्या वर्षी द्राक्षं आली. हिवाळा कोरडा गेला. पण एकाच घडात काळे, लाल, हिरवे मणी. सगळे एकदम पिकेचनात. आबांनी पिकलेले घड निवडून केळीच्या पानावर मांडले. शेठ सुना-नातवंडांना घेऊन आले. धाकट्या नातवानं एक मणी तोंडात टाकला आणि बिया थुंकल्या. "खाटी छे!" सून हसली. शेठनी दोन घड संपवले, आबांच्या पाठीवर हात ठेवला. "सरस, काका. सुरतमां द्राक्ष! बहु सरस." पण त्यांनी तिसऱ्या घडाला हात लावला नाही, हे आबांनी पाहिलं. मीही पाहिलं.

उन्हाळ्यात शेठ आणखी एका माणसाला घेऊन आले. तो फीत लावून जमीन मोजत होता.

"प्लॉट पडणार," शेठ हिंदीत म्हणाले. "भावांचा वाटा आहे, मी एकटा काय करू? तुमची लूमवरची जागा आहेच."

"अजून एक हंगाम द्या," आबा म्हणाले. "आता वेल हवेला सरावली आहे."

शेठनी नकारार्थी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यामुळे आबांना कुणावर रागावताही आलं नाही.

वेली काढायला माणसं येणार होती. आबा म्हणाले, मीच काढतो. बुंधे मनगटाएवढे झाले होते. ते कुऱ्हाड चालवायचे, मी फांद्या ओढून ढीग लावायचे. कापलेल्या बुंध्यांतून पाणी ठिबकत होतं. आबा मध्येच थांबून तिथं अंगठा दाबून धरायचे, मग पुढच्या वेलीकडे जायचे.

आम्ही पुन्हा नवागामला आलो. आबा पुन्हा लूमवर. वर्षभरातच त्यांचा आवाज चढला, नंतर कान गेले, नंतर ते बोलेनासेच झाले. मामाला दया आली. "छाटणीला ये इकडे, चार महिने काम आहे," त्यानं निरोप धाडला. आबांनी पिशवी भरली. प्लेगनंतर मायनं पहिल्यांदा त्यांना दशम्या बांधून दिल्या.

आठवडा व्हायच्या आत ते परतले. मायनं विचारलं तरी सांगेनात. शेवटी उंबऱ्यावर बसून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "टोळीतली पोरं हसतात. म्हणे, म्हातारा काडीचा एकेक डोळा बघत बसतो. ती भराभर छाटत पुढे जातात. मला नाही तसं जमत आता."

 मायनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आतली छाटणीची कात्री काढून फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आबा डबा घेऊन लूमवर गेले.