वन्संच्या विहिरीचा पासवर्ड

दोन वर्षांपूर्वी, ऐन तारुण्यात, म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी, मी एक गाढवपणा केला. माझ्या नणंदेची, वन्संची, गोराईला मोगऱ्याची वाडी (बागाईत) आहे. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी विहिरीचा पंप फोनवरून चालू-बंद करणारं यंत्र आणि एक कॅमेरा बसवून घेतला. मी वन्संना यंत्राशेजारी उभं करून फोटो काढला आणि 'आमची डिजिटल विहीर' म्हणून मुलुंडच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. यंत्रावर चिकटवलेला नंबर आणि पासवर्ड त्यात लख्ख दिसत होता. माझं लक्ष मात्र किती अंगठे येतात त्याकडे!

पुढच्याच आठवड्यात वन्सं बोरिवलीला फुलं द्यायला गेल्या असताना कोणीतरी दुरूनच पंप सुरू केला. तो दिवसभर चालला. खाडीकाठची विहीर, गोडं पाणी उपसून गेलं की खारं आत शिरतं. पाणी मचूळ (खारट) झालं, मोगरा करपला. कोणी केलं ते कळलं नाही. फोटोबद्दल मीही गप्प.

यंदा पावसाळा सरल्यावर वन्संचा फोन आला, "वहिनी, पाणी चाखायला ये."

पिशवीत बेसनाचे लाडू आणि पोटात कबुली घेऊन निघाले. बस पवईच्या तलावापाशी आली तेव्हा ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं. कांदिवलीला ठरवलं, जेवणानंतर.

खाडी ओलांडताना बोटीत फोटो काढायला उठले, तर टोपलीवाली कोळीण ओरडली, "आजे, फोन धर नीट, खारीन परल (खाडीत पडेल)!"

"पडला तर जगाचं कल्याण होईल गं," मी म्हटलं.

वाडीत पाऊल टाकताच वन्संनी तांब्या पुढे केला. "आधी पी."

जिभेवर मीठ शोधलं. नव्हतं! जुन्या मोगऱ्याच्या दोनच ओळी उरल्या होत्या, बाकी सगळी नवी कलमं. कॅमेऱ्यावर टोपली उपडी घातलेली.

"मी घरात असले की टोपली," वन्सं म्हणाल्या. "मी कधी बाहेर पडते ते परक्यानं का बघावं?"

"आणि पासवर्ड?"

"बदलला."

"काय ठेवलात?"

"तुला कशाला गं?"

मला ठसका लागला. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) घातलेली वांगी. दोनदा वाढून घेतलं. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

परतताना धक्क्याजवळच्या चिखलात माझी चप्पल रुतली. वन्सं तसल्या गुडघ्यांनी वाकून ती उपसू लागल्या आणि मला राहवेना. "वन्सं, ती विहीर माझ्यामुळे नासली. तो फोटो मी ग्रुपवर टाकला होता. पासवर्डसकट."

त्यांनी चप्पल धुतली, माझ्या हातात दिली. वाडीकडे वळल्या. बोट सुटली.

खाडीभर मी ती ओली चप्पल मांडीवर धरून बसले. कपाटाची किल्ली जन्मभर कमरेला खोचून हिंडणारी मी. दुसऱ्याच्या विहिरीची किल्ली मात्र हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटून मोकळी झाले. आता त्या मला पुन्हा पाण्याला बोलावतील का?

बोरिवलीच्या काठाला उतरते तोच फोन वाजला. वन्सं म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"वहिनी, तो फोटो फिरत फिरत माझ्याकडेही आला होता. मी त्यात एवढी झकास दिसत होते ना, की मीही सगळ्यांना पाठवला. दोन वर्षं तुझ्यापासून लपवतेय गं!"