हलकी खोकी

दिघाशीचा विठू भातशेती सोडून पूर्ण्याच्या गोदामात आला, तेव्हा त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. पहिल्याच दिवशी एक शब्द हाती लागला, लोड, आणि तो जन्माला पुरला. गाडी भरायची म्हणजे लोड करायची. भरलेला माल, तोही लोड. विजेवर लोड आला की गोदामातले पंखे बंद. मुलाच्या मोबाईलवर गोल गोल चक्र फिरत बसे, "लोड होतंय, बाबा." लेक सासरहून रुसून आली तेव्हा शेजारी म्हणाले, "लोड घेऊ नको." विठू ऐकून घेई. त्याच्या लेखी खांद्यावर येतो तो लोड, बाकी नुसतं बोलणं.

दिवाळीनंतर कमरेत कळ भरली. डॉक्टरांनीही तोच शब्द काढला, "कमरेवर लोड देऊ नका." घरी बायकोला, मैनाला, त्याने गॅस झालाय म्हणून सांगितलं. हमालांच्या टोळीत तर अवाक्षर काढलं नाही. टोळीचा कायदा साधा होता. सगळ्यांनी सारखं उचलायचं, झेपत नसेल त्याने घरी बसायचं. हे सगळ्यांत मोठ्याने विठूच सांगत आला होता.

त्या दिवशी गाडी खाली करायची होती. साबणाची खोकी जड, वेफरची हलकी. टोळीतला मुनीर गाडीत उभा राहून एकेकाच्या खांद्यावर खोकं ठेवत होता. विठूला वेफर आलं. पुढच्या खेपेला पुन्हा वेफर. नंतरही वेफरच. त्याच्या पुढच्याला साबण, मागच्याला साबण.

विठू थांबला. मागची रांग थांबली.

"कधीपासनं चाललंय ह्ये?"

"काय?" मुनीर खोक्यांकडे तोंड करून बोलला.

"हिकडं बघून बोल. साबण ठेव."

"न्हाय ठेवत, जा!" मुनीरने त्याच्याच बोलीत टोला हाणला. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या गप्प होण्यावरून विठूला कळलं. सगळ्यांना माहीत होतं.

मुकादम मनोज पुढे आला. "काका, कशाला लोड घेता? पोरं उचलतात ना."

"पोरं माझं उचलतात. त्येच सांगतोय."

त्याने स्वतः साबणाचं खोकं ओढून खांद्यावर घेतलं. थप्पीपर्यंत नेलं. कोपऱ्याला कोपरा लावून नीट बसवलं. वळायला गेला, तर कंबर वळेना. थप्पीला धरून तो तसाच उभा राहिला. जवळ कुणी गेलं नाही. गेलेलं त्याला चाललं नसतं, हे टोळीला ठाऊक होतं.

मग हळूहळू गाडीपाशी येऊन त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि फळीवर ठेवला.

"उद्या माझ्या जागी दुसरा बघा."

"अरे, भाभी को क्या बोलेगा?" मुनीरने टॉवेल उचलून त्याच्यापुढे धरला.

विठूने तो घेतला नाही. फाटकापाशी पोचला तेव्हा मागे रांग पुन्हा सुरू झाली होती. आता ज्याच्या वाट्याला जे येईल ते येत होतं.