जाळ न दिसनारी शेगडी

टेम्पो सुरू झाला तरी सासूबाई चाकापशी उभ्याच. आमचं सामान ते काय, दोन ट्रंका, कपाट, पिठाचा डबा, पाळना. लेकरू, माझी बारकी पोरगी, मांडीवर, आनि सासूबाईंचं एकच चालू, "आधी दूध उतू घाल गं. भांडी मागून लाव. दूध उतू गेल्याबिगर त्या घरात कोनाला घोटभर पानी बी देऊ नको." मी व्हय व्हय म्हनले. राजेश्वरच्या फाट्याला टेम्पो वळला तवा मागं बघितलं, तर त्या अजून दोन्ही हातांनी दूध वर यायलंय असं करून दाखवायल्या व्हत्या. बघनाऱ्याला वाटलं असंल, टाटा करायल्यात.

हे मी गावातल्या अक्का-काकूंसाठी लिव्हायलेय, आनि माझ्यासारख्या ज्या पोरी बीदरला, हैदराबादला, पुन्याला गेल्यात त्यांच्यासाठी बी. मी आठवीपर्यंत शिकलेली, कुठं थांबायचं ते मला लिव्हताना कळत न्हाई, समजून घ्या.

आमचे हे बीदरात एका भारी किचनच्या दुकानात फिटिंगचं काम करतेत. दुकानात मांडून ठेवलेलं एक किचन सेठला काढायचं व्हतं. सेठ ह्यांला म्हनला, "निम्म्या भावात घे, आधी घरी लावून बघ, येळवशीच्या आवसंला शेतातल्या पूजेसाठी गावाकडं जायच्या आत सांग, ठेवतोस का परत देतोस." निम्मा भाव म्हंजे बी आमच्याकडं व्हते तेवढे सगळे. ते पैशे गावाकडल्या खोलीवर पत्रे टाकायला ठेवलेले. खोली झाली तर आमाला कवाबी माघारी जाता येनार, न्हाई झाली तर मग बीदर ते बीदरच. म्हंजे किचन घ्यायचं का न्हाई एवढंच न्हवतं ते.

काय सांगू कसं व्हतं. वर धूर वढायची चिमनी. नळाखाली हात नेला की पानी, काढला की बंद. ड्रॉवर ढकलला की अर्ध्यात थांबतोय आनि मग आपलाआपन हळू आत जातोय, आतून कुनी वढायल्यासारखा. आनि शेगडी म्हंजे नुसती काळी काच. जाळ न्हाई, बटन न्हाई. बोट ठेवलं की काचेच्या आत लाल गोल उमटतोय. बंद केली की लाल जातंय, पन काच तापलेलीच ऱ्हातीय. कोपऱ्यात एक बारकं अक्षर लागतंय, गरम हाय म्हनून सांगायला, पन खिडकीचा उजेड पडला की ते दिसतच न्हाई. गार काच आनि तापलेली काच, दोन्ही सारख्याच काळ्या. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत मोठ्यानं बोललेच न्हाई. वाटायलं, ऐकायलंय कुनीतरी.

दूध ठेवलं तवा सेठ बी आलेला, आनि ह्यांनी सासूबाईंला मोबाईलवर समोर धरलेलं, तिथून बघायला. दूध वर आलं, काठाला लागलं, मी हात जोडले, आनि ते खाली बसलं. परत वर आलं, परत बसलं. मोबाईलमधून सासूबाई, "गेलं का? अजून न्हाई? कामून न्हाई?" सेठ हसून म्हनला, "अम्मा, यही तो बात है! ह्याच्यात सेन्सर हाय. ह्याच्यावर दूध कधीच उतू जात न्हाई!" सासूबाईंनी तिकडून फोनच बंद केला. दूध कितीतरी येळ तसंच वर-खाली करायलं, छाती वर-खाली व्हतीय तसं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी काच पुसावी, चुलीला लावायचे तसं पाच बोटांनी हळदीकुंकू लावावं, देवापशी दिवा लावायला वळावं, की मागून पिंक करून आवाज. बघावं तर लाल गोल. घरात मी आनि खाली रांगनारं लेकरू, तिसरं कुनी न्हाई. रोज व्हायचं असं बी न्हाई, म्हनून तर जास्त भ्या. ह्यांला सांगितलं.

"तुझाच हात लागला असंल."

"मी तिकडं देवापशी व्हते हो!"

"मग दूध उतू गेलं न्हाई म्हनून काच रुसली असंल," हे म्हनले आनि हसत जेवायला बसले. सासूबाईंला फोनवर सांगावं तर त्या म्हनल्या असत्या, मी म्हनलं व्हतं. मग मी कुनालाच सांगितलं न्हाई. काचेला हळदीकुंकू जास्त लावायला लागले, शांत व्हावी म्हनून.

एके सकाळी हळदीकुंकू लावून झाल्यावर लेकराचं नाक पुसायला तिला ओट्यावर बसवलं. काच काळी, रात्रभर गारच. लाल-बिल काय दिसंना, खिडकीतून ऊन पडलेलं. लेकरानं हात नेला काचेकडं, तिला त्यात तिचंच तोंड दिसायलं व्हतं. तेवढ्यात मला हळद करपल्याचा वास आला. जाळ न्हाई, धूर न्हाई, नुसता वास. मी तिला अशी वढली की ती किंचाळली. हात बघितला, उलटा बघितला, सुलटा बघितला. काय झालेलं न्हवतं. वल्लं फडकं काचेवर टाकलं, ते चर्र करून बोललं. त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी चुलीवानी बोललं.

ह्यांनी त्याच दिवशी शोधून काढलं. काचेला पानी लागलं की तिला पानी बी बोटच वाटतंय. माझं वल्लं हळदीकुंकू बोट ठेवायच्या जागी पसरायचं आनि शेगडी लागायची.

"बघ, भूत न्हाई बित न्हाई," हे म्हनले. "कुंकू लावू नको, संपलं."

पन मला त्या दिवसापासून जास्तच भ्या वाटायलं. भूत असतं तर उतारा टाकला असता. मी देवापशी बसलेली, आनि माझंच कुंकवाचं बोट मागं ओट्यावर ऱ्हाऊन शेगडी लावायलं. माझ्याच लेकरासाठी. आनि मी तिच्याचसाठी हात जोडून बसलेली.

सेठ इचारायला आला. ह्यांला ठेवायचं व्हतं, दुकानात शान व्हती त्यात. मी म्हनले, काच काढून न्या, ड्रॉवर न्या, नळ न्या.

"भाभी, इतकं भारी किचन अख्ख्या बीदरात कुनाकडं न्हाई!"

"नसू द्या. आमी बी बीदरातलेच हाव आता."

चिमनी तेवढी ठेवली, तिचेच पैशे दिले. माझी माय बोलता बोलता खोकती, तिचे डोळे कायम लाल, ते सगळं चुलीचं. चिमनीचे पैशे वसूल व्हतेत हो, पोरींनो, जमलं तर घ्या. बाकी जे तापल्यावर सांगत न्हाई ते फुकट दिलं तरी घेऊ नका, घरात बारकं लेकरू असंल तर.

येळवशीला गावाकडं गेलाव. खोलीवर पत्रे पडले व्हते. म्हंजे आता कवाबी माघारी जाता येईल, त्याच्यासाठीच तर केलं सगळं. शेतात पूजा झाली, आंबील पिली, आनि घरी आल्यावर लेकरू चुलीकडं निघालं तशी मी पळत पुढं गेले. इझलेल्या चुलीवर हात धरला, वीतभर वर, थांबले, मग दगडाला लावला. सासूबाई बघायल्या व्हत्या. "थंडगार चुलीला कामून भ्यायलीस गं? बीदरला जाऊन चुलीची ओळख इसरलीस व्हय?" घरातल्या सगळ्या बाया हसल्या. मी बी हसले. पन मला कळलं की ती खोली बांधून काय उपेग न्हाई, भ्या माझ्यासंगं टेम्पोत बसून आलंय.

आधी मला वाटायचं, घर म्हंजे जिथं हात लावायच्या आधी थांबावं लागत न्हाई ते. तसं घर मला आता इथं बी न्हाई, तिथं बी न्हाई.

आनि लेकरू माझं बघून शिकलंय. ती आता कशालाबी आधी हात लावत न्हाई. बाहुली असो, उशी असो, मांजर असो, आधी बारका तळहात वर धरती आनि थांबती. दुपारी माझ्यापशी झोपाया आली की माझ्या तोंडावर बी तसंच. मी डोळे मिटून पडलेली असते, मला कळतंय वर हात हाय, आनि मी श्वास धरून बघत ऱ्हाते, आज ठेवती का न्हाई. मग ती ठेवती. गार, वल्लासा हात, गालावर.

तेवढाच येळ मला वाटतंय, आलं घर.