राजाच्या रानातली लाकडं

"सरपंच काय देव हाय व्हय?" पुढच्या सीटवरची बाई म्हणाली.

"देव न्हाय गं," शेजारची म्हणाली, "पर देवाला बी सही तिचीच लागती."

दोघी खळखळून हसल्या. मी खिडकीकडं तोंड वळवून हसले. एसटी नळदुर्गहून लोहाऱ्याकडं निघाली होती आणि मी पुण्याहून मामाच्या गावाला. आईला जाऊन वर्ष होत होतं. तिच्या इच्छेप्रमाणं तिला माहेरीच, गावाबाहेरच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं होतं.

नळदुर्गला गाडी बदलताना वेळ होता म्हणून किल्ला पाहून घेतला. नदी अडवणारा दगडी बंधारा आणि त्याच्या पोटात महाल. बांधणारा सुलतान कधीच गेला. पाणी अजून अडतं आहे.

माझा फाटा आला तेव्हा "थांबवा" म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही. पुढच्या थांब्यावर उतरले आणि तुरीच्या रानांमधून उन्हात मागं चालत आले.

"सलाम, बाळा," मामा म्हणाला. आमच्या लोकांत असाच नमस्कार करतात. "गाडी तर कवाच गेली. कुठं व्हतीस?"

"पुढं," मी म्हणाले. त्यानं जास्त विचारलं नाही. तो तसा चांगला आहे.

मामीनं शेंगुळं (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, लसणाच्या रश्शात शिजवलेले) केली होती. सोबत ज्वारीची भाकरी. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मामीचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. चर्चला इथं देऊळच म्हणतात. पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात, एरवी उपदेश मामा करतो. त्या दिवशी त्यानं नहेम्याची गोष्ट घेतली. बायबलमधला हा भाग मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते, परीक्षेपुरता. मामाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

"यरुशलेमचा कोट पडलेला, लोक परमुलखात धरून नेलेले. आन् नहेम्या परमुलखात, राजाला प्याला द्यायच्या कामावर. राजा काय आपल्यातला न्हाय, त्याचे देव येगळे. पर त्यानंच इचारलं, तोंड का उतरलंय? नहेम्या लई भ्याला. आधी मनातल्या मनात देवाला हाक मारली, मंग राजाला कोटाच्या दारांसाठी लाकडं मागितली. देवानं लाकडं आभाळातनं टाकली न्हाईत. राजाच्या रानातनं दिली. त्याच्या आधी त्याच गादीवर कोरेश राजा. त्यो देवाला वळखत बी नव्हता, तरी आपल्या लोकांना घरी लावून दिलं त्यानंच."

त्यानंतर राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना झाली. दिल्लीपासून सुरुवात करून सगळे खाली आले, कलेक्टर, तहसीलदार, आणि शेवटी गावच्या सरपंचबाई. मामाचा आवाज तिथं जरा पडला.

कारण दुपारी दफनभूमीत गेल्यावर कळलं. पावसाळ्यात तिची भिंत पडली होती. आईच्या मातीवर शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते आणि मी लावायला सांगितलेलं शेवंतीचं रोप बुडापर्यंत खाल्लेलं. जुन्या शाळेचे दगड पंचायतीसमोर पडून होते, भिंतीला पुरतील इतके.

"मग मागा ना सरपंचबाईंकडं," मी म्हणाले.

"कोन्त्या तोंडानं? निवडणुकीत तिच्या विरोधात भोंगा घेऊन समदं गाव फिरलोय म्या."

"भोंगा हाय की अजून," मामी म्हणाली. "त्यात कोंबडी बसती. तिनं तरी अंडी दिली, तुमच्या उमेदवारानं काय दिलं?"

मामा हसला नाही. रात्री जेवलाही नाही नीट. आई त्याची धाकटी बहीण होती.

सोमवारी सकाळी तो मला फाट्यावर सोडायला निघाला. वाट पंचायतीवरून जाते. सरपंचबाई पायरीवर बसून कुणावर तरी फोनवर ओरडत होत्या. आम्हाला पाहून फोन ठेवला.

"कोन पावनी, भोंगेवाले?"

"भाची," मामा जमिनीकडं बघत म्हणाला.

"व्हय? तुझी आई अन् मी एका बाकावर बसायचो गं. अभ्यास ती करायची, मी बघून लिवायची." मग माझ्याकडं नीट पाहत त्या म्हणाल्या, "तोंड का उतरलंय, लेकरा?"

परवा मामाकडून फोटो आला. भिंत कमरेइतकी झाली आहे. शेजारी सरपंचबाई पदर खोचून उभ्या आहेत, गवंड्याला रागवत असाव्यात. मामाच्या डोक्यावर दगडाची पाटी आहे. मला त्या दोघांचंही कौतुक वाटतं, पण त्याहून जास्त त्या देवाचं, ज्याला कोण कुठल्या पॅनलचा याचं काही पडलेलं नसतं. परक्या राजाच्या तोंडूनही तो नेमका प्रश्न विचारतो. मात्र उत्तर आपणच द्यायचं असतं, तेही मोठ्यानं. बसमध्ये मला एक शब्द जमला नव्हता.

त्या सकाळी पायरीसमोर मी त्या दगडांकडं पाहिलं. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मामानं माझी पिशवी उचलली. मी मनातल्या मनात एकदा हाक मारली आणि सरपंचबाईंना म्हणाले, "अक्का, आईच्या मातीवरून शेळ्या फिरतात. आम्हाला ते शाळेचे दगड द्या."