सलीमभाईंची न सापडणारी संत्री

सलीमभाई गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी कुठल्याशा वेबसाइटवर संपर्काचा नंबर शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. फोन ठेवला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि मला चक्क हसू आलं. कारण सुंदर पानावर नंबर लपवून ठेवण्यात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या अमरावतीत कोणी नव्हता.

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवायचो आणि समोरच्या गाळ्यात ते बोर्ड रंगवायचे. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, अशी ती वर्षं होती. खेड्यांतून पोरं क्लासला येईनात आणि दुकानदारही बोर्ड रंगवून घेईनात, फार तर फ्लेक्स छापून आणत. दोघंही रिकामे, म्हणून आम्ही भागीदारीत वेबसाइट बनवायचं ठरवलं. दिसायची बाजू त्यांची, चालायची माझी. आमच्या सगळ्या भांडणांचं मूळ या वाटणीत होतं.

पहिलं काम शेंदूरजनाघाटच्या मनोहरभाऊंचं, संत्र्याच्या कलमांची नर्सरी. त्या वर्षी आसपास कोणी नवी बाग लावायला तयार नव्हतं आणि यांची कलमं पिशव्यांत वाढत उभी. हंगाम गेला की पिशवीत मुळं वेटोळी होतात, मग ते कलम कुणी फुकटही नेत नाही. गिऱ्हाईक बाहेरूनच यायला हवं होतं, मराठवाड्यातून, मध्य प्रदेशातून, आणि तेही पोळ्याच्या आत.

सलीमभाईंनी सगळं पान ब्रशने हार्डबोर्डवर रंगवलं. फांद्या, फळं, नर्सरीचं नाव, पत्ता, ‘कलमे मिळतील’सुद्धा. मग फोटो काढून माझ्या हातात दिले. अक्षरं टाइप करू म्हटलं तर म्हणाले, “सर, टाइपाचं अक्षर म्हंजे शाळेचा गणवेश. सारे सारखेच दिसते. आपल्या अक्षराले चेहरा हाये.” पान उघडलं की सतरा संत्री एकेक करून खाली पडायची, मग नर्सरीचं फाटक उघडायचं. फोन नंबर फांदीवरच्या एका पानाच्या पाठीमागे, माऊस नेला तरच पान उलटायचं. “नंबर मोठा लिवला का दुकान गरजू दिसते,” हे त्यांचं मत. खरं सांगतो, ते इतकं देखणं झालं होतं की मीही वाहवत गेलो. क्लासमध्ये शिकवायचो त्याच्या बरोबर उलट मी स्वतः केलं.

महिन्याभराने मनोहरभाऊ एसटीने अमरावतीला आले. आम्ही त्यांना सायबर कॅफेत नेऊन पान उघडलं. तिथल्या नेटवर चौथं संत्रं पडेपर्यंत चहा येऊन संपलासुद्धा. ते शांतपणे बघत होते. “माह्या झाडाचे संत्र बी इतक्या दमानं नाई पडत, सर.” मग हळूच म्हणाले, “जेवतानी बी मोबाइल ताटापाशी ठेवून राहिलो. दोनदा वाजला. दोनी डाव कंपनीवालीच होती, गाणं लावता का म्हने.”

मी ‘संत्रा कलमे’ असं टाइप करून शोधलं. एक पान झालं, दहा झाली, एक मंगल कार्यालयही येऊन गेलं, पण आम्ही नाही. सलीमभाईंनी खुर्ची पुढे ओढली. “आपलं कोठी हाये?” शेवटी सांगावंच लागलं. शोधणाऱ्या यंत्राला चित्र दिसत नाही, ते टाइप केलेलंच वाचतं, आणि आपण तर अक्षरंही चित्रातच काढली. त्याच्या लेखी आपलं पान कोरं आहे.

“म्हंजे आंधयाच हाये थो?”

आता कडाक्याचं भांडण होणार, असं मी धरून चाललो होतो. सलीमभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “मंग पयलेच काहून नाई सांगतलं? आंधयाले कोनी रंग दाखवते का? त्याले बोलून सांगा लागते.”

दुसऱ्या दिवशी ते क्लासमध्ये येऊन बसले. प्रत्येक चित्रामागे, ते कशाचं आहे हे टाइप करायला जागा असते, तिथलं यंत्र वाचतं. दोन शब्द पुरतात. सलीमभाई सांगत गेले, “डावीकडची फांदी. संत्र तीन. मधलं अजून हिरवं हाये, चार दिवस थांबा लागते.” मी हुशारी करून ‘संत्रा कलमे’ वीस वेळा घुसवायला गेलो तर मला अडवलं. “थो आंधया हाये, बयरा नाई. एकच गोष्ट इस डाव कायले सांगता?” पडणाऱ्या सतरा संत्र्यांतलं एक ठेवायचं ठरलं, ते निवडायला त्यांना अख्खी दुपार लागली. नंबर मी सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत टाइप केला. तेवढा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

आठवड्याभरात मनोहरभाऊंना नांदेडकडचा फोन आला. त्या माणसाच्या नेटवर चित्रं उमटलीच नव्हती, चित्रांच्या जागी फक्त सलीमभाईंची वाक्यं दिसत होती. त्याने आधी विचारलं, मधलं संत्रं आता पिकलं का, आणि मग ट्रकभर कलमं मागितली. मागोमाग आणखी फोन आले. पोळ्यापर्यंत सगळी नाही, पण बरीचशी कलमं गेली. उरलेली मनोहरभाऊंनी स्वतःच्याच शेतात लावली.

पुढे आम्ही पुष्कळ वेबसाइट केल्या, भांडत भांडतच. मला त्या भांडणांची फार आठवण येते. परवा मी सलीमभाईंचं नाव शोधून पाहिलं... काहीच आलं नाही. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची नावं रंगवली, स्वतःचं मला कुठे टाइप करू दिलं नाही.

हा लेख ज्या पुरवणीत छापून येतोय, ती इंटरनेटवरही येते. संपादकांनी एक फोटो मागवला आणि त्याच्यामागे टाकायला दोन शब्दांचं वर्णन. मी लिहून पाठवलं, “शिडीवर उभे असलेले सलीम पेंटर, अमरावती. दातांत ब्रश धरलाय म्हणून हसता येत नाहीये, पण डोळे हसतायत. उजव्या बाहीवर केशरी रंग, धुतला तरी जात नसे.” लांबलं, म्हणतात. मी त्यातला एकही शब्द कमी करणार नाही.