मारबतीच्या शनिवारची फेरी

इंदोऱ्यात राहणारे अंकुश सोमकुंवर यांचा ऑटो चौकात हात दाखवून थांबत नाही. त्यांच्या फेऱ्या बांधलेल्या असतात, त्याही बहुतेक रुग्णांच्या. व्यायामोपचाराला जाणारे एक निवृत्त पोस्टमन, डोळ्यांत इंजेक्शन घेणाऱ्या दोघी बहिणी आणि सगळ्यांच्या आधी इंदूबाई पराते. इंदूबाई इतवारीतल्या एका बोळीत एकट्या राहतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला अंकुश त्यांना धंतोलीतल्या डायलिसिस केंद्रात सोडतात आणि चार तासांनी घरी आणतात. एकदा दुसऱ्या ऑटोवाल्याच्या भरवशावर ही फेरी चुकली होती. पायांवर सूज चढली, दम लागला आणि इंदूबाईंना भरती करावे लागले. तेव्हापासून अंकुश यांनी ही फेरी कोणावर सोपवलेली नाही.

अंकुश यांची मुलगी दीप्ती मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. वडील ऑटो चालवताना फोन उचलतात म्हणून तिने यंदा त्यांच्या फोनवर एआय सहायक बसवून दिला. तो गिऱ्हाइकांचे मेसेज वाचतो, कॅलेंडर बघतो आणि वेळ रिकामी असेल तर फेरी घेतो. अंकुश त्याला मुनीम म्हणतात.

पोळ्याच्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ऑटो पुसता पुसता त्यांनी मुनीमाला उद्याच्या फेऱ्या विचारल्या. उत्तर आले: सकाळी सात, भैयाजी, कोराडी ते रेल्वे स्टेशन. बाकी दिवस रिकामा.

अंकुश यांनी फडका खाली ठेवला.

"दीप्ती, ह्या मुनीमानं इंदूबाईले उडवलं वं."

दीप्तीने लॅपटॉप उघडला. इंदूबाईंची नोंद कॅलेंडरात एकदाच केलेली होती, गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी, आणि तिला 'दर मंगळ, गुरू, शनी' असा नियम जोडलेला होता. फोनच्या पडद्यावर ती दर आठवड्याला दिसायची. सहायकाला मात्र दीप्तीने एखाद्या तारखेखाली लिहिलेले तेवढेच वाचायची सोय दिली होती. पुन्हा पुन्हा येणारी नोंद उलगडून ती अमुक दिवशी येते का, हे बघायचे साधन त्याच्याकडे नव्हतेच. लोक सहसा दुपारच्या फेऱ्या मागत, आणि इंदूबाईंची वेळ अंकुश यांना पाठच होती. म्हणून आजवर काही अडले नव्हते.

भैयाजी हे कधीमधी बोलावणारे गिऱ्हाईक, त्यांना फोन करून नाही म्हणावे, असे अंकुश म्हणत होते. दीप्तीने त्यांना थोडे थांबायला सांगितले आणि सहायकाला ते साधन जोडायला बसली. अंकुश शेजारी उभे राहून बोलत राहिले. माणूस ठेवला असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारले असते, डायलिसिसवाली बाई कोणत्या वारी असते म्हणून.

"बाबा, त्याची चूक नाही," दीप्ती म्हणाली. "त्याले पाहाले काही देलंच नव्हतं मी."

काम झाल्यावर अंकुश यांनी पुन्हा विचारले. या वेळी दोन फेऱ्या आल्या. पहाटे पाच, इंदूबाई, धंतोली. वेळ फक्त उद्यापुरती बदललेली. सकाळी सात, भैयाजी.

"अजून चुकून राहिला हा. पाच नाही, सात आहे तिचं."

दीप्तीने नोंद उघडून दाखवली. बदल मे महिन्यातला होता आणि वडिलांच्याच फोनवरून केलेला होता. मूळ नोंदीच्या पोटात तो एकाच शनिवारपुरता नोंदलेला होता.

मग अंकुश यांना आठवले. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबत. इडापीडा घालवायला काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात आणि इतवारी आणि महाल या भागांतले रस्ते बंद होतात. गेल्या वर्षी डायलिसिस आटोपून परतताना ऑटो त्या गर्दीत अडकला आणि इंदूबाई भर उन्हात मागच्या सीटवर आडव्या पडून राहिल्या होत्या. तसे पुन्हा होऊ नये म्हणून अंकुश यांनीच केंद्राला सांगून या दिवसाची पहिली पाळी मागून घेतली होती. फोनात नोंदवले आणि निर्धास्त झाले. उद्या ते सातला गेले असते तर पाळी हातची गेली असती.

त्यांनी केंद्राला फोन लावला. पहिल्या पाळीत नाव होते. मग इंदूबाईंना. त्याही विसरल्या होत्या. पहाटे तयार राहायला सांगताच त्या म्हणाल्या,

"तुह्या फोनले झोप येत नाही, तं माही काहून मोडतं गा?"

शनिवारी पाचला त्या बोळीच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना केंद्रात सोडून अंकुश कोराडीला गेले. भैयाजींना गाडी मिळाली. ज्या फेरीला आदल्या संध्याकाळी नाही म्हणायचे होते ती आरामात जमली. दहाच्या आत इंदूबाई घरी पोचल्या, तेव्हा चौकात पोलीस अडथळे लावत होते आणि महालाच्या बाजूने ढोल ऐकू येत होते.

इंदूबाई पायरीवर टेकल्या. मारबतीला सांग, म्हणाल्या, माझे डायलिसिस तेवढे घेऊन जाय म्हणा.

"ते गेलं तं माही फेरी जाईन ना, बाई."

त्या हसल्या आणि अर्धा कप चहा टाकायला आत गेल्या. पथ्यामुळे त्यांना तेवढाच चालतो. अंकुश यांनी फोन तोंडाजवळ धरून मंगळवारचे विचारले.

सकाळी सात, इंदूबाई, धंतोली.