बांध सोडायचा धडा

फोनमधली बाई म्हणते, "राग आला की ती जागा सोडा." सांगायला तिचं काय जातं. तिचं कान्हे गावच्या शिवारात भातखाचर नाही.

मागल्या साली बांधावरून मी चुलतभावाच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला. तो दरसाल आवणीला, भात लावायच्या वेळी, बांध कोरतो आणि वीतभर आमच्याकडं सरकतो. आता बंगलेवाले जमिनी बघत फिरतात, वीतभर म्हणजे काही थोडकी नव्हे. कोर्टाने मला तुरुंगात न घालता बाँडवर सोडलं. वय बघून, म्हणे. ते 'वय बघून' मला फार लागलं. पुन्हा हात उचलला तर सरळ आत. शिवाय रागावरचे धडे पुरे करायचे. प्रोबेशनची अधिकारी लोणावळ्याची, माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, "आजोबा, शिकवायला कोणी येणार नाही. तुमचं तुम्हीच करायचं. फोनवर ऐकायचं आणि विचारलं की बटण दाबायचं. पुढच्या तारखेच्या आत संपलं नाही, तर मला कोर्टाला कळवावं लागेल."

आधीचे धडे मी केले. राग येण्याआधी मनात काय येतं ते ओळखा. ओळखलं. ते खरं आहे का ते तपासा. तपासलं. खरंच होतं, तो बांध कोरतच होता. पण या धड्यावर गाडं अडलं. शेवटी बाई विचारायची, "राग आल्यावर तुम्ही जागा सोडलीत का? हो असेल तर एक दाबा, नाही तर दोन दाबा." मी दोन दाबायचो. की धडा पुन्हा पहिल्यापासून.

आमची मंडळी म्हणाली, "अवो, एक दाबा अन् मोकळं व्हा. कोन बघाया येतंय?"

"मी खोटं दाबनार न्हाई."

"मंग जावा आत. भाकरी बांधून देते."

आमच्याकडं बांधावर दोघं समोरासमोर उभे राहिले आणि एक निघून गेला, की बांध त्याने सोडला असंच गाव धरतं. पुढं दहा माणसांत त्याचं कोणी ऐकत नाही. आज्यापंज्यापासून हे असंच आहे. फोनमधल्या बाईला हे कोण सांगणार?

आवणीला ही खाचरात ओणवी होती, मी रोपांच्या जुड्या पोचवत होतो. चुलतभाऊ फावडं घेऊन आला आणि त्याने बांधाचं पहिलं ढेकूळ उतरवलं.

"काय दादा, आज दांडा न्हाई आनला?"

मी पुढची जुडी उचलली.

"मार की. पाठ हितंच हाय." त्याने वळून पाठ दाखवली. "का कोर्टाला इचारून मारनार?"

माझ्या मुठीत जुडी होती, तिचं पाणी पिळून निघालं. मारलं तर तुरुंग. थांबलो तर मी मारणार, हे मला माझं ठाऊक. गेलो तर बांध गेला.

जुडी टाकली आणि निघालो. चिखल पाय सोडत नव्हता.

"सोडला रं सोडला! दादानं बांध सोडला!"

शेजारच्या खाचरातली ओणवी माणसं सरळ झाली. मी सडकेवर जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठं फावड्याचा आवाज थांबला. वळून बघतो तर ही बांधावर. लुगडं खोचलेलं, पाय रोवून, फावड्याच्या पुढ्यात.

"वैनी, बाजूला व्हा. ह्यो आमचा दोघांचा मामला हाय."

"त्यांनी सोडला आसंल, मी न्हाई. घाल फावडं माझ्या पायावर. तुझ्यावर अजून केस न्हाई, तवा इचार करून घाल."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी खाली उतरायला एक पाय टाकला.

"तितंच ऱ्हावा!" ती न वळता ओरडली. "खाली यायचं न्हाई."

उभ्या जन्मात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी राहिलो. लोणावळ्याला निघालेली एक गाडी थांबली, त्यातल्या पोरींनी हिचे आणि हिरव्या रोपांचे फोटो काढले. मला म्हणाल्या, "काका, जरा बाजूला." मी बाजूला झालो. बऱ्याच वेळाने चुलतभाऊ बडबडत निघून गेला.

संध्याकाळी मी एक दाबला. खरं होतं ते. बाई म्हणाली, "छान," आणि पुढचा धडा सुरू झाला.

सकाळी फावडं घेऊन ही माझ्या आधी बांधावर. मी सडकेवरच थांबलो. खाली जायची मुभा नव्हती आणि घरी परतायला तोंड नव्हतं.